१,६४० दुवे आणि एक सीएसव्ही फाइल

भाषांतराच्या कामासाठी लागणारे शासन निर्णय, शेतीवरचे लेख आणि परिभाषेच्या चर्चा मी नऊ वर्षे एका मोफत सेवेत साठवत होते. ती सेवा बंद होत असल्याची मेल आली तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. ८ जुलै २०२५ रोजी मोझिलाने लेख नंतर वाचण्यासाठी साठवणारी आपली पॉकेट ही सेवासुद्धा बंद केली, तिथे माझी ही लहानशी सेवा किती दिवस टिकणार होती? शिवाय ‘सर्व माहिती निर्यात करा’ असे बटण समोर होतेच.

बटण दाबल्यावर एक एमबीसुद्धा न भरणारी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, हाती आली. तिच्यात १,६४० नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, तारीख व खुणेचे शब्द एवढेच होते. ज्या लेखांचा पूर्ण मजकूर मी त्या ॲपमध्ये वर्षानुवर्षे वाचत आले, त्याची एक ओळही त्यात नव्हती. त्याहून वाईट म्हणजे फाइल एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी पार नाहीशी झालेली. प्रत्येक शीर्षकाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या परदेशी ‘ए’ अक्षरांची लांबलचक माळ. मदत विभागाला लिहिले, तर चार दिवसांनी उत्तर आले की त्यांच्याकडे फाइल व्यवस्थित उघडते. स्क्रीनशॉट पाठवला, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी त्यांनी ब्राउझर बदलून पाहण्याचा सल्ला दिला, तेव्हा माझा संयम सुटला. अकरा दिवस असेच गेले आणि मुदत संपत आली.

शेवटी चुकून तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली गेली आणि सगळी शीर्षके स्वच्छ मराठीत दिसली. म्हणजे फाइल पहिल्यापासून धड होती. ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या एका सांकेतिकरणात, आहे हे एक्सेलला कळत नव्हते, इतकेच. दोनदा टिचकी मारून फाइल उघडण्याऐवजी डेटा टॅबमधून ती आयात करावी आणि सांकेतिकरण ‘६५००१ यूनिकोड’ निवडावे, हे एक वाक्य त्या विभागाला सांगता आले असते. लिबरऑफिस हे मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअर तर फाइल उघडतानाच सांकेतिकरण विचारते. मूळ फाइलची एक प्रत मात्र हात न लावता बाजूला ठेवावी.

दुवे तपासले तेव्हा चारशेहून अधिक मेलेले निघाले. त्यांतले काही जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मिळाले.

त्यानंतर नवे सॉफ्टवेअर निवडताना मी पान आत किती सहज जाते हे पाहिलेच नाही, ते बाहेर कसे येते एवढेच पाहिले. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपचा वेब क्लिपर (पान उतरवून घेणारा ब्राउझर विस्तार) मजकूर साध्या मार्कडाउनमध्ये, म्हणजे मोजक्या खुणा असलेल्या मजकूर-फाइलमध्ये, देतो, पण चित्रे सहसा मूळ संकेतस्थळाच्या दुव्यावरच राहतात. संकेतस्थळ गेले की चित्रेही गेली. जॉप्लिन हे तसेच दुसरे ॲप चित्रे उतरवून घेते, परंतु शासन निर्णयांतील गुंतागुंतीचे तक्ते मार्कडाउनमध्ये विस्कटतात. पीडीएफचा मोह मी टाळला, कारण तिच्यातून देवनागरी नक्कल केली की वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात, आणि भाषांतरकाराला नक्कल करणे रोजचेच. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर शीर्षक, लेखक आणि तारीख स्वतः टिपून पानाची प्रत आपल्याच संगणकावर ठेवते, म्हणून कामाचे संदर्भ तिथे गेले. त्याची मोफत ऑनलाइन जागा ३०० एमबीच आहे, तेव्हा बॅकअप स्वतः घ्यावा लागतो. उरलेली पाने मी सिंगलफाइल या ब्राउझर विस्ताराने साठवते. चित्रे आणि फाँटसह सगळे पान एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावते आणि ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

फायलींना लांब मराठी नावे देऊ नयेत, हे आधीच सांगायला हवे होते. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. तसेच ‘शेतकऱ्यांची’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो. अक्षरे जशीच्या तशी ताडणाऱ्या शोधाला त्यातला एकच प्रकार सापडतो, म्हणून मी ‘शेतक’ एवढेच शोधते.

वखराच्या भागांवरचा एक लेख मात्र कुठेच मिळाला नाही. पास, रुमणे, दांडी यांच्या गावोगावच्या नावांची त्यात यादी होती. त्याचा दुवा आता ‘हे संकेतस्थळ विक्रीस आहे’ अशा पाटीवर नेतो. शीर्षक तेवढे एक्सेलमध्ये शुद्ध देवनागरीत दिसते.