दबलेले वर्तुळ

भंगारातल्या प्रिंटरच्या मोटारी जोडून केलेल्या माझ्या सीएनसी राउटरने, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, आज फणसाच्या फळीवर पहिले वर्तुळ कोरले आणि ते एका बाजूने चक्क दबलेले निघाले.

पडवीत उभे असलेले सुतारकाका म्हणाले, "जाताना बरा जाता, वळताना मातर आळस करता," आणि त्यांनी बोटाने कोरणारे पाते धरणारा गाडा मागेपुढे ढकलला, तेव्हा 'टक' असा बारीक आवाज आला.

मोटारीची एक फेरी 200 पावलांची आणि तेवढ्यात गाडा 8 मिलिमीटर सरकणार, म्हणजे एक पाऊल 0.04 मिलिमीटरचे, हा हिशेब मला तोंडपाठ होता; पण मालवणच्या खाऱ्या हवेत गंजून झिजलेल्या, मोटारीने फिरणाऱ्या स्क्रूवर, दिशा बदलताना गाड्याला जोडलेल्या नटाचा सैलपणा भरेपर्यंत गाडा हलतच नाही, हे मी कुठे मांडलेच नव्हते.

आता स्प्रिंगने ताणलेला दुहेरी पितळी नट बसवीन. पण काकांना ते नुसत्या नजरेने कसे दिसले असेल?