आषाढातली पिवळी काच

सब्सट्रेट होल्डरवरून वेफर, म्हणजे जिच्यावर आम्ही फिल्मचा पातळ थर चढवतो ती चकती, काढण्याआधीच काय झाले आहे ते मला कळले होते, कारण वेफरशेजारी साक्षीदार म्हणून लावलेली काचेची पट्टी नेहमीसारखी काळपट तपकिरी न दिसता लिंबाच्या सालीसारखी पिवळसर दिसत होती. व्हॅनेडियमला त्याचे नावच रंगांमुळे मिळाले. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोम यांनी त्याच्या संयुगांचे सुंदर रंग पाहून व्हॅनाडिस या नॉर्स देवीवरून हे नाव ठेवले. आमच्या कामात मात्र या रंगांचे कौतुक करायची सोय नसते. पिवळेपणा दिसू लागला म्हणजे फिल्ममध्ये ऑक्सिजन हवा त्याहून अधिक शिरला आणि ती पेंटॉक्साइडकडे, म्हणजे व्हॅनेडियमच्या जास्त ऑक्सिजनवाल्या पिवळ्या ऑक्साइडकडे सरकली, असा त्याचा सरळ अर्थ असतो.

ही जुलैमधली, पुण्यात चार दिवस सलग झड लागलेली असतानाची गोष्ट आहे. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही अवरक्त किरणांच्या संवेदकांसाठी व्हॅनेडियम ऑक्साइडच्या फिल्म तयार करतो. अंधारात माणूस, जनावर किंवा तापलेली तार दाखवणारे जे थर्मल कॅमेरे असतात, त्यांतल्या थंड न करता चालणाऱ्या प्रकारात बहुधा हाच गाभा असतो. आपल्या शरीरातून बाहेर पडणारे किरण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. ते किरण एका अधांतरी धरलेल्या, अतिशय बारीक पुलासारख्या पिक्सेलवर पडले की तो किंचित तापतो आणि त्यावरच्या ऑक्साइडचा रोध बदलतो. समोरच्या वस्तूचे तापमान १ अंशाने बदलले तर पिक्सेलचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच बदलते. एवढ्याशा बदलाची खूण रोधात उमटायची, तर अंशामागे सुमारे २ टक्के बदलणारा पदार्थ लागतो (या टक्केवारीला तापमान गुणांक म्हणतात; तापल्यावर रोध घटतो म्हणून तो उणे) आणि व्हॅनेडियम ऑक्साइड तो देतो. अमेरिकेत हनीवेल कंपनीने १९८० च्या दशकात हे तंत्र गुप्तपणे विकसित केले आणि १९९२ मध्ये त्यावरची गुप्तता उठल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे लागल्या.

आम्हाला हवी होती ८० नॅनोमीटर जाडीची आणि ५० किलोओहमच्या आसपास शीट रेझिस्टन्स, म्हणजे फिल्मच्या चौरस तुकड्याचा रोध, असलेली फिल्म. चार टोकांच्या प्रोबखाली वेफर ठेवल्यावर आकडा आला ४१० किलोओहम. माझ्यासोबत काम करणाऱ्या विद्यार्थिनीने तापमान बदलून वाचने घेतली आणि ती उत्साहाने म्हणाली, "मॅडम, तापमान गुणांक उणे २.७ आलाय, हा तर आपल्या नेहमीच्यापेक्षा चांगलाच आहे की!" तिचे म्हणणे एका परीने खरे होते, कारण रोध वाढला की गुणांकही वाढतो. परंतु पिक्सेलखालच्या वाचन परिपथाला एवढा मोठा रोध झेपत नाही आणि त्याबरोबर कमी वारंवारतेचा गोंगाट इतका वाढतो की वाढलेल्या गुणांकाचा फायदा त्यात बुडून जातो. नव्या माणसाला असाच मोह ६८ अंशांचाही पडतो. बेल प्रयोगशाळेतल्या मोरिन यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की व्हॅनेडियम डायऑक्साइड त्या तापमानाला अर्धवाहकाचा एकदम धातूसारखा होतो. त्या उतारावर रोध विलक्षण वेगाने बदलत असला तरी तापताना एक आणि थंड होताना दुसरीच वाट धरणारा पदार्थ मापनाला घेणे म्हणजे आपल्याच तराजूवर अविश्वास दाखवणे. म्हणून आम्ही मुद्दामच अस्फटिकी, मिश्र ऑक्साइड बनवतो आणि त्या उड्यांपासून दूर राहतो.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता. जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून? कृती तर नेहमीचीच होती: व्हॅनेडियमचे टार्गेट (ज्याचे अणू प्लाझ्माच्या माऱ्याने उडून वेफरवर बसतात तो धातूचा तुकडा), आरगॉन आणि मोजून सोडलेला थोडासा ऑक्सिजन, तीच शक्ती, तोच दाब. प्रथम संशय गेला तो ऑक्सिजनच्या प्रवाह नियंत्रकावर. त्याचे शून्य तपासले, झडप बंद केली, काट्यासारखे ठरलेले वाचन मिळाले. नंतर टार्गेटकडे वळलो. रिॲक्टिव्ह स्पटरिंगमध्ये, म्हणजे उडवलेल्या अणूंचा वायूशी संयोग घडवण्याच्या या पद्धतीत, टार्गेटच्या पृष्ठभागावरच ऑक्साइड साचले की ते 'विषारलेले' होते आणि एकदा त्या बाजूला गेले की ऑक्सिजन कमी करूनही लगेच परत येत नाही. शटर बंद ठेवून नुसत्या आरगॉनमध्ये अर्धा तास टार्गेट घासून काढले, तरीही ऑक्सिजन सोडल्यावर व्होल्टेज नेहमीच्या जागी बसेना.

तिसरी शक्यता म्हणजे गळती. आमचे तंत्रज्ञ काका या यंत्राला माझ्याहून बरेच जुने. त्यांनी चेंबर आणि पंप यांच्यामधला गेट व्हॉल्व्ह बंद करून दाब चढताना पाहिला. गळती असेल तर दाब सरळ रेषेत चढत राहतो. इथे तो चढला, मग हळूहळू मंदावला. "गळत नाहीये मॅडम, घाम सुटलाय त्याला," काका म्हणाले. अवशिष्ट वायूंचा विश्लेषक लावल्यावर त्यांचे शब्द आलेखावर उमटले. हवा आत येत असती तर नायट्रोजनचे २८ आणि ऑक्सिजनचे ३२ वस्तुमान ठळक दिसायला हवे होते. त्याऐवजी १८ आणि १७ हे दोन सुळके सगळ्यांवर मान उंचावून उभे होते. ते पाणी होते.

मग आदल्या दिवशीची हकिकत बाहेर आली, आणि त्यात माझाही वाटा होता. हीटरचा हॅलोजन दिवा बदलण्यासाठी चेंबर उघडायचे होते आणि कोरड्या नायट्रोजनचे सिलिंडर संपले होते. खोलीतली हवाच आत सोडा, असे मीच म्हटले. त्यात दुपारी वीज गेली, वातानुकूलन बंद पडले आणि झाकण उघडेच ठेवून आम्ही जेवायला गेलो. चेंबरच्या आतल्या संरक्षक पत्र्यांवर महिनोन्‌महिने साचलेला सच्छिद्र ऑक्साइडचा थर असतो आणि तो ओल स्पंजासारखी शोषून घेतो. तासभर आषाढातली हवा प्यायलेले ते पत्रे दुसऱ्या दिवशी ती सारी ओल हळूहळू परत देत होते.

तरीसुद्धा मला एक गोष्ट पटत नव्हती. काम सुरू करण्यापूर्वी गेजने मिलिबारच्या तीन दशलक्षांश इतका दाब दाखवला होता. नेहमी आम्ही एक दशलक्षांशाच्या खाली जातो, पण कामाच्या वेळी आत मिलिबारचा दोनशेवा भाग इतका वायू असताना या एवढ्याशा फरकाचे महत्त्व किती असणार, असा हिशेब करून मी पुढे गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास हा हिशेब कुठे चुकला ते लक्षात आले. आरगॉनचा दाब टिकवण्यासाठी आम्ही पंपाच्या तोंडावरची झडप बरीच लोटून घेतो. त्यामुळे आरगॉनबरोबरच पाण्याच्या वाफेलाही बाहेर जायला अरुंद वाट उरते. शिवाय ऑक्सिजनचा मोठा भाग ताजा व्हॅनेडियम गिळून टाकत असल्यामुळे मोकळा उरलेला ऑक्सिजन अगदी थोडा असतो, आणि पाण्याची तुलना त्याच्याशीच करायला हवी होती. खात्रीसाठी कोणताही वायू न सोडता झडप कामाच्या वेळच्या जागी आणली. दाब तीन दशलक्षांशांवरून चाळीस दशलक्षांशांपर्यंत चढला. दिवे लावून पत्रे तापवले तेव्हा तो आणखी वर गेला. विश्लेषक कामाच्या दाबाला चालत नाही, त्यामुळे हा चोर प्रत्यक्ष चोरी करताना आम्हाला कधीच दिसला नसता. प्लाझ्मात फुटून ते पाणी आमच्या मोजलेल्या ऑक्सिजनमध्ये न मोजलेला ऑक्सिजन मिसळत होते.

उपाय करायला संध्याकाळ गेली. पेंटॉक्साइडची धूळ श्वासात जाणे धोक्याचे, म्हणून मुखपट्टी आणि हातमोजे घालून आम्ही पत्रे उतरवले आणि वाळूच्या माऱ्याने स्वच्छ केलेला दुसरा संच बसवला. काकांनी शेजारच्या विभागातून नायट्रोजनचे सिलिंडर उसने आणले. रात्रभर चेंबर ११० अंशांवर भाजत ठेवले आणि ते थंड होईपर्यंत कोणीही आत काही लावायचे नाही, अशी चिठ्ठी विद्यार्थिनीने मोठ्या अक्षरांत दारावर डकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गेजने आठ कोट्यंशांचा, म्हणजे एक दशलक्षांशाच्या खालचा दाब दाखवला आणि १८ चा सुळका शेजाऱ्यांच्या उंचीवर उतरला होता. त्याच कृतीने, त्याच आकड्यांवर केलेल्या फिल्मबरोबरची काच तपकिरी निघाली. प्रोबवर ३० अंशांना ५२ किलोओहम आणि ४० अंशांना ४२ किलोओहम मिळाले, म्हणजे गुणांक उणे २.१ टक्के. वेफरच्या मध्यापासून कडेपर्यंत मात्र रोधात ६ टक्क्यांचा फरक होता. तो त्या दिवसाच्या आधीही तेवढाच होता, आणि त्यासाठी होल्डरची फिरण्याची गती व टार्गेटपासूनचे अंतर पुन्हा बघायचे असे ठरवून आम्ही पुढचा वेफर चढवला.