चूळ लाल झाली तेव्हा

गुहागरच्या आमच्या घरी सकाळी दात घासताना कोणाची चूळ लालसर झाली, तर ‘उष्णता वाढली’ एवढे निदान पुरेसे असे आणि दुपारी आमसुलाचे सार जरा जास्त वाढले जाई. मीही दोन वर्षे तेच निदान मानले. शिवाय रक्त येते त्या बाजूला ब्रश लावायचेच सोडून दिले. नेमके हेच करायला नको होते.

शेवटी चिपळूणला दंतवैद्यांकडे गेलो. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई त्यांनी दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद घालून प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. माझ्या दोन दाढांपाशी ५ भरली. दातांवर रोज साचणारा चिकट थर जंतूंचा असतो आणि तो तसाच राहिला, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते, जे ब्रशने निघत नाही. समुद्राकाठच्या विहिरींच्या पाण्याने कीटण चढते, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात; खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते अधिक धरते, ते मात्र जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात म्हणून.

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी व्यक्तींना दातांची स्वच्छता थांबवायला लावली. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या बऱ्याही झाल्या. म्हणजे रक्त येते तिथे मऊ ब्रश अधिक निगुतीने फिरवायचा असतो. मात्र सूज खोल जाऊन दाताभोवतीचे हाड झिजू लागले, ज्याला आपण पायरिया म्हणतो, की गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

काकांच्या हिरडीतून कधी रक्त आले नाही, तरी साठीच्या आत त्यांचे दात हलू लागले. बिडीतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतला आजार बाहेर दिसत नाही. त्यात त्यांना मधुमेह, जो हिरड्यांचा विकार वाढवतो आणि त्या विकाराने स्वतःही आटोक्याबाहेर जातो. काकी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करत असे, ‘हिनेच दात घट्ट राहतात’ म्हणत असे. मशेरीने हिरड्या दातांवरून मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे तिला पटवायला मला फार उशीर झाला.

कीटण काढल्यावर दात सैल होतात, ही भीती मलाही होती. काही दिवस फटी जाणवल्या खऱ्या, पण त्या कीटणानेच भरलेल्या होत्या. आता दिवसातून दोनदा दोन मिनिटे ब्रश आणि रात्री दाढांच्या फटींत बारीक ब्रश, एवढे चालू आहे. तीन महिन्यांनी एका दाढेपाशी ३ मिलिमीटर भरले, दुसरीपाशी अजून ४ आहे. पुढची तपासणी शिमग्यानंतर.