कोरीच्या पोटातला तारा

एप्रिलमध्ये दादर चौपाटीवरून सागरी सेतूचा फोटो काढला. वर चंद्रकोर, बाकी आभाळ मळकट नारिंगी. तारा औषधालाही नाही.

घरी तारे घालायला फोटोशॉप उघडलं. फोटोवर नवा लेअर (थर), त्यावर काळा रंग, त्यात एकरंगी नॉइज, म्हणजे विखुरलेले ठिपके, किंचित ब्लर. लेव्हल्स, म्हणजे उजेड-काळोखाची पट्टी, ओढून बारीक ठिपके घालवले, लेअर फोटोत मिसळायचा मोड 'स्क्रीन' केला. स्क्रीनमध्ये काळं नाहीसं होतं, ठिपके तेवढे उरतात. सेतूच्या केबलांवर सांडलेले मास्कने, म्हणजे लेअरचा तेवढा भाग झाकून, पुसले. (यातच अर्धी रात्र गेली.)

सकाळी आईला दाखवला. "अरे, कोरीच्या पोटात तारा कसा?"

खरंच, काळ्या बाजूला दोन ठिपके! तिथेही चंद्रच असतो, तारा त्याच्या आड जाणार. पुसले. आता ती विचारतेय, मृगातले तीन तारे कुठायत?