पहाटे पाचची खाडी

नवं पुस्तक आलं की पहिले आठ दिवस आमचं नौपाड्यातलं घर लग्नघर होतं. पंचवीस लेखकप्रती हातोहात जातात, आणि जे कधीच वाचणार नाहीत तेच पहिले मागतात. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र यंदा रुसलेत. कादंबरीत मरतो तोही सेक्रेटरीच, हा योगायोग त्यांना काही पटत नाही.

नवव्या दिवसापासून फोन सुरू होतात. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना वाचक डोळे भरून आले म्हणून फोन करतात. मला करतात ते चूक सापडली म्हणून.

पहिला फोन एका निवृत्त फौजदारांचा. माझी गोष्ट 2025 सालातली. "मॅडम, तुमचा हवालदार अजून तीनशे दोन म्हणतोय. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता लागू आहे, खुनाला कलम 103." मी म्हटलं, कागदावर 103च लिहिलंय, पण जुन्या माणसाच्या तोंडातून तीनशे दोन इतक्यात कसं जाईल? ते हसले आणि लगेच पुढचं काढलं, "आणि घराच्या झडतीचं चित्रीकरण? आता ते करावंच लागतं." इथे मात्र मी गप्प. पान 112 वर नुसता पंचनामा होता, मोबाइल कुणी खिशातून काढलाच नव्हता. एका वाक्याचं काम, ते सुधारता येईल.

खरी गोची पुढे झाली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (1893 सालचं, माझे निम्मे खून मी तिथेच बसून लिहिलेत) चेंदणी कोळीवाड्यातले एक काका भेटले. बगलेत माझं पुस्तक, त्यात बसचं तिकीट खुणेला.

"ताई, अवसेच्या पहाटे पाचला कळव्याच्या पुलावरून प्रेत टाकलंत. 'तुडुंब भरलेल्या खाडीत' लिहिलंय."

"हो."

"तिथीची पाऊणपट करा."

मला कळेना. त्यांनी बोटं पुढे धरली. अवस म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराच्या सुमाराला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. "अवसेला भरती मोठी, तेवढीच ओहोटी पण मोठी. पाचला कडेला नुसता चिखल. प्रेत तुमचं रुतून बसेल, सकाळी बगळे उभे राहतील त्याच्यावर."

बगळ्यांचं ऐकून मला आधी वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही!

प्रकाशकांना फोन केला. म्हणाले, पाचशे प्रती छापल्यात, त्या संपल्या की दुसऱ्या आवृत्तीत काय ते बदला, शुद्धिपत्र वगैरे काही चिकटवत नाही. म्हणजे वेळ होता. आधी वाटलं, रात्री सव्वाअकराला टाकू. पण साडेबारापर्यंत माझा खुनी तलावपाळीवर चार मित्रांबरोबर कुल्फी खात असतो, त्यावर तर अख्खी कादंबरी उभी आहे. मग तिथीच बदलायची. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा. पहाटे पाचला पाणी चढतं. त्यातही वद्य अष्टमी नको, चंद्र मध्यरात्री उगवून पहाटे डोक्यावर असतो. शुद्ध अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. पाचला पाणीही आहे, अंधारही आहे. 'अवस' नावाचं प्रकरण गेलं, जाऊ दे.

कागद घेऊन काकांकडे गेले. ते ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरोबर. पण अष्टमीला भांग असतो ताई. भरती-ओहोटी दोन्ही लहान, पाण्याला ओढ नसते. तुमचं प्रेत ऐरोलीपर्यंत कसं जाणार?"

"मग कुठे जाईल?"

"विटाव्याला अडकेल फार तर."

विटावा ठाण्याच्याच हद्दीत. ऐरोली नवी मुंबईत. दोन आयुक्तालयांचे पोलीस 'हद्द तुमची' म्हणत भांडतात, ती माझी मधली ऐंशी पानं.

काकूंनी चहा आणला. काकांनी जाळं बाजूला ठेवलं, भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "दशमी बघू का?"