बसच्या तळाला लागलेला गंज

शाळेतून निवृत्त झालेली पिवळी मिनीबस मी घेतली ती आत दोन पलंग, एक छोटा ओटा बसवून घरच्यांना घेऊन हिंडायला. बाकं काढली, रेक्झिन सोललं, खालचं कुजकं प्लायवूड उचकटलं आणि मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हर सहज टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर भोकातून आमच्या खानापूरच्या अंगणातली लाल माती दिसली.

पावसाळा तोंडावर होता. घाईघाईत एका वेल्डरला गाठलं. त्यानं साध्या आर्क मशीननं भोकांवर पत्र्याची ठिगळं मारली, वरून मी रेड ऑक्साइडचा हात दिला. दिसायला झकास! गणपतीच्या सुमारास चटई उचलली तर ठिगळं शाबूत, पण त्यांच्या कडेनं जुना पत्रा पापडासारखा फुगलेला. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरणार कसं? शिवाय पातळ पत्र्यावर आर्कची कांडी जरा रेंगाळली की भोक उलट वाढतं.

दिवाळीनंतर बस बेळगावला उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, बाजूला नेली. मेस्त्री कानडी, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्याची. हातोडीनं त्यांनी अख्खा तळ वितीवितीनं ठोकला. चांगला पत्रा टण्ण वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द. "इथं तुक्कू, इथं पण तुक्कू," म्हणत खडूनं गोल काढत गेले. कानडीत गंजाला तुक्कू म्हणतात, हे त्या दिवशी कायमचं पाठ झालं. गोल बघून मला वाटलं, भंगारातच घालावी.

"चासी घट्ट आहे की," ते म्हणाले. चासी म्हणजे गाडीचा खालचा मुख्य सांगाडा. "ती गेली असती तर मीच हात लावला नसता."

आधी बॅटरीच्या वायरी सुटल्या. मग मेस्त्री गाडीखाली सरपटले आणि डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून जातंय ते बघून आले. वरून ठिणगी पडली तर खाली काय आहे हे माहीत हवं. ओली पोती आणि पाण्याची बादली हाताशी. पहिली ठिगळं ग्राइंडरनं उडवली आणि चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापत नेला. टाचणीएवढ्या भोकाची वहीएवढी खिडकी झाली तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. त्या मापाचा १६ गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून सीओटू वेल्डिंगनं बसवला. यात कांडीऐवजी बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि सांध्यावर कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. सलग शिलाई नाही. इथे एक टाका, मग समोरच्या कोपऱ्यात एक. एकाच जागी तापला तर पत्रा वाकडा होतो. सांध्यांत नंतर सीलंट भरलं.

उरलेला वरवरचा गंज माझ्या वाट्याला. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुटा गंज काढायचा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क हवाच, तरी घरी आल्यावर नाकातून लालच निघायचं. खाचांत जो चिकटून राहिला त्यावर फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावलं. तांबूस रंग बघता बघता काळा पडतो, ते बघायला मजा येते. पण सुटणाऱ्या पापुद्र्यावर लावून उपयोग नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. वाळल्यावर आतून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, खालून रबराळ अंडरकोट. तळाची बारीक भोकं मी बुजवायला निघालो तेव्हा मेस्त्री ओरडलेच. ती कंपनीनं पाणी निघायला ठेवलेली होती!

"आता पाणी येतंय कुठून ते शोधा," ते म्हणाले, "नाहीतर परत याल."

घरी येऊन कोरड्या तळावर रांगोळीचा पातळ थर पसरला आणि बायकोला बाहेरून खिडक्यांवर पाइप धरायला लावला. पाचेक मिनिटांत मागच्या डाव्या खिडकीखालून एक काळपट रेघ चालत चालत थेट चाकाजवळ पोचली. खिडकीचं रबर कडक होऊन चिरलं होतं. वर्षानुवर्षं तिथून झिरपलेलं पाणी प्लायवूडनं धरून ठेवलं आणि पत्रा वरून सडला. मी मात्र चाकाच्या चिखलाला बोल लावत होतो. रबर बदललं.

नवीन प्लायवूड टाकताना चाकाजवळ वहीएवढं झाकण ठेवलं. आत चिमूटभर रांगोळी असते. परवा जांबोटीच्या पावसातून आल्यावर झाकण उचलून बोट फिरवलं. कोरडी होती.