जाहिरातीतले ८० चौरस मीटर आणि प्रत्यक्षातले ६८

जर्मनीत भाड्याचे घर शोधणाऱ्या मराठी मंडळींचे मला नेहमी संदेश येतात, आणि त्यांतला बराचसा मजकूर डिपॉझिट, दलाली आणि नोकरीची कागदपत्रे यांविषयी असतो. घर जाहिरातीत सांगितले तसे निघाले नाही तर काय, हा प्रश्न मात्र बहुधा सामान लावून झाल्यावरच येतो. येथील कायदा या बाबतीत भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम उभा आहे, परंतु त्याचा आधार मिळण्यासाठी करारावर सही करण्यापूर्वीच काही गोष्टी पाहून ठेवाव्या लागतात.

स्टुटगार्टमधील आमचे पहिले घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली होते. जाहिरातीत क्षेत्रफळ ८० चौरस मीटर दिलेले होते आणि करारनाम्यातही तोच आकडा होता. राहायला गेल्यावर निजायच्या खोलीत कपाट कोणत्याच भिंतीला लागेना, तेव्हा आम्ही लेझर मीटर आणून मोजमाप केले. जमिनीपासून एक मीटर उंचीवर आणि दोन मीटर उंचीवर उतरत्या छतावर चिकटपट्टी लावली आणि त्या दोन पट्ट्यांमधील जागा वेगळी मोजली. यामागचा नियम असा, की १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या निवासी क्षेत्रफळाच्या नियमावलीनुसार छताची उंची दोन मीटर किंवा त्याहून जास्त असेल तेथील जागा पूर्ण धरली जाते, एक ते दोन मीटर असेल तेथील निम्मी, आणि एक मीटरपेक्षा कमी असेल तेथील जागा मुळीच धरली जात नाही. बाल्कनी आणि गच्ची साधारणपणे पाव हिश्शाने मोजतात, फार तर निम्म्याने. तळघरातील खोली मोजत नाहीत. आमची आठ चौरस मीटरची बाल्कनी जाहिरातीत पूर्ण धरलेली होती, म्हणजे सहा चौरस मीटर तेथेच गेले, आणि तितकेच उतरत्या छपराखाली गेले. उरले ६८.

हा फरक पंधरा टक्के आहे, आणि या आकड्याला महत्त्व आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २००४ मध्ये असा निर्णय दिला, की प्रत्यक्ष क्षेत्रफळ ठरलेल्या क्षेत्रफळापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर तो घरातील दोषच मानावा, आणि त्यामुळे राहण्यात खरोखर अडचण झाली हे भाडेकरूने वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. भाडे त्याच प्रमाणात कमी होते, तेही हीटिंग, पाणी इत्यादी खर्च धरून होणाऱ्या एकूण रकमेवर. आमचे एकूण भाडे १३०० युरो होते, म्हणून महिन्याला १९५ युरो जास्त जात होते. आकड्याआधी ‘अंदाजे’ असे लिहिलेले असले तरी घरमालकाला त्यातून जास्तीची सूट मिळत नाही. उलट ८० ऐवजी ७३ चौरस मीटर निघाले असते तर फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला असता आणि केवळ त्या आधारावर हातात काही पडले नसते. ही मर्यादा मला स्वतःला फार सैल वाटते. ज्या शहरांत एकेका चौरस मीटरचे भाडे मोजून घेतात, तेथे सात चौरस मीटरची तूट भाडेकरूनेच का सोसावी, हे मला पटत नाही.

पुण्यामुंबईत कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचा घोळ आपण पुरता अनुभवलेला आहे. रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या बांधून दिली, पण ती घर विकत घेणाऱ्यासाठी. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू मापाची पट्टी घेऊन क्वचितच जातो. त्यामुळे येथे आल्यावरही असे काही मागता येते, हे आपल्या मनातच येत नाही.

जाहिरातीतील आकडा करारनाम्यात उतरला आहे का, ही पाहण्याची पहिली गोष्ट. तो नसेल तरी सर्व काही हातचे जाते असे नाही: २०१० च्या एका प्रकरणात करारात क्षेत्रफळ नव्हते, परंतु जाहिरातीत आणि सहीपूर्वी दिलेल्या नकाशा व मोजमापाच्या तक्त्यात ते होते, म्हणून न्यायालयाने दोघांमध्ये ते ठरलेलेच होते असे मानले. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयात, करारातच ‘हा आकडा भाड्याने दिलेली जागा निश्चित करण्यासाठी नाही’ अशी स्पष्ट ओळ असल्यामुळे भाडेकरूचा दावा टिकला नाही. म्हणून जाहिरातीचे संपूर्ण पान छायाचित्रांसह जपून ठेवावे आणि अशी ओळ करारात दिसली तर सहीपूर्वीच तिच्याविषयी लेखी विचारावे. ‘शांत’, ‘भरपूर उजेडाचे’ यांसारख्या मोघम शब्दांवर दावा उभा राहणे अवघड असते. स्वयंपाकघराचे मात्र नीट पाहावे, कारण येथे पुष्कळ घरे ओटा, कपाटे आणि शेगडीविना, नुसत्या नळाच्या जोडणीसह दिली जातात; जाहिरातीत दाखवलेली कपाटे जुन्या भाडेकरूची असू शकतात आणि तो ती घेऊन जातो. जे मिळणार आहे ते करारात नोंदवून घ्यावे. दोष माहीत असूनही हक्क राखून न ठेवता सही केली, तर नंतर सहसा भाडेकपात मागता येत नाही.

दोष सापडल्यावर घरमालकाला मोजमापासह लेखी कळवावे. रागाच्या भरात भाडे थांबवू नये, कारण थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी झाली तर घरमालक तत्काळ करार संपवू शकतो, आणि आपली कपात चुकीची ठरली तर घरच जाते. आम्ही ‘हक्क राखून’ असे कळवून पूर्ण भाडे देत राहिलो. जास्त गेलेली रक्कम पहिल्या महिन्यापासून परत मागता येते. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती फरक कळला त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. आमचे पत्र शहरातील भाडेकरू संघाच्या वकिलाने तपासून दिले. जर्मन भाडेकरू महासंघाशी जोडलेले असे सुमारे तीनशे संघ देशभर आहेत आणि वार्षिक वर्गणीत कायदेशीर सल्ला मिळतो. भाषा कच्ची असणाऱ्याने तर पहिल्याच महिन्यात सभासद व्हावे असे मी आग्रहाने सांगेन.

भारतातून घर ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कायदे फारसे वाचवू शकत नाहीत, कारण घर न पाहता डिपॉझिट पाठवले आणि समोरचा माणूसच खोटा निघाला, तर पत्र पाठवायचे कोणाला? डिपॉझिट हीटिंग वगैरेंचा खर्च वगळलेल्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, त्यातला पहिलाही भाडेकाळ सुरू झाल्यावर द्यायचा असतो. मालक परदेशात आहे, किल्ल्या कुरियरने येतील, आधी सगळी रक्कम पाठवा, असे कोणी म्हणत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

आमच्या घरमालकांनी स्वतः माणूस पाठवून पुन्हा मोजमाप करून घेतले आणि मग फरकाची रक्कम परत केली. नोव्हेंबर २०१५ च्या निर्णयापासून बाजारभावानुसार होणाऱ्या भाडेवाढीतही प्रत्यक्ष क्षेत्रफळच धरावे लागते, करारात काहीही लिहिलेले असो. त्यामुळे पुढे त्यांचे भाडेवाढीचे पत्र आले तेव्हा त्यातील हिशेब ६८ चौरस मीटरवर केलेला होता.